पॅरिस (ऑन्टारियो): दोन नद्यांचं गाव, पण नगरपालिका कुठे आहे?

रानवाटा (धागाकर्ती)

ओळखीतली काही कुटुंबं सध्या मिल्टन-ब्रॅम्प्टनकडून पॅरिसला घर बघायला येताहेत. फ्रान्सच्या नव्हे, आमच्या, म्हणजे कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतातल्या पॅरिसला. टोरांटोपासून शंभरेक किलोमीटर, ब्रँटफर्डच्या शेजारी. सगळ्यांचे प्रश्न तेच असतात, म्हणून इथे एकदाच लिहून ठेवते. घरांचे भाव एजंट सांगेल. नदी आणि कारभार याबद्दल मात्र घर घेताना कुणी चकार शब्द काढत नाही.

आधी जागा समजून घ्या. ग्रँड नदी उत्तरेला डफरिनच्या उंचवट्यावर उगम पावते आणि जवळपास ३०० किलोमीटर वाहत जाऊन पोर्ट मेटलंडला ईरी सरोवराला मिळते. वाटेत किचनर-वॉटर्लू, केंब्रिज, मग पॅरिस, त्याखाली ब्रँटफर्ड. पश्चिमेकडून वेडीवाकडी वळणं घेत निथ नदी येते आणि ऐन पेठेजवळ ग्रँडला मिळते. या संगमावरूनच आधी ही वस्ती ओळखली जायची. १८२९ मध्ये मूळचा व्हरमाँटचा हायरम कॅप्रन इथे आला, त्याने गाव वसवलं. आसपास जिप्समचे थर होते, जिप्सम भाजून प्लास्टर ऑफ पॅरिस करतात, म्हणून गावाचं नाव पॅरिस. आयफेल टॉवर त्यानंतर साठ वर्षांनी उभा राहिला, तेव्हा त्यावरचे विनोद कृपया आवरा. लोकांना ते सुचतातच.

मुख्य पेठ ग्रँड रिव्हर स्ट्रीट नॉर्थवर. नदीकडच्या रांगेतली दुकानं पुढून साधी दिसतात, पण पलीकडच्या काठावरून बघा, मागच्या भिंती सरळ पाण्याच्या कडेतून वर चढलेल्या आहेत. गाव चढउतारांचं आहे. हिमयुगाच्या शेवटी मागे हटणाऱ्या बर्फाने टाकलेल्या गोटे-वाळूच्या ढिगाऱ्यांची एक लांबच लांब रांग इथून जाते आणि भूशास्त्रात तिला याच गावाचं नाव आहे, पॅरिस मोरेन. त्या गोट्यांचं लोकांनी काय केलं? घरं बांधली. लिव्हाय बौटन नावाचा गवंडी १८३८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातून ही कला घेऊन आला. मुठीएवढे गोटे ओळीत, थरावर थर, चुन्यात बसवायचे. सेंट जेम्स चर्च १८३९ चं. अशी घरं कॅनडात दुसरीकडे फारशी सापडत नाहीत.

आता कारभार. 'तिथला मेयर कोण?' असं विचारलं की मी सांगते, पॅरिसला मेयर नाही. नगरपालिका नाही, कौन्सिल नाही, स्वतःचं बजेट नाही. पाटी आहे, पिनकोड आहे, सरकार नाही! १ जानेवारी १९९९ ला ते संपलं. त्या दिवशी पॅरिस टाउन आणि ब्रँटफर्ड, बर्फर्ड, ओकलंड, ऑनंडागा, साउथ डम्फ्रीज या पाच टाउनशिप (खेड्यापाड्यांच्या स्थानिक संस्था) मिळून एकच संस्था झाली, काउंटी ऑफ ब्रँट. काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखं. ब्रँटफर्ड शहर त्यात नाही, ते वेगळं, काउंटीच्या पोटात बसलेलं.

बाकी प्रश्न विचारा, जमेल तसं उत्तर देते.

खवचट_काका

छान लिहिलंयस. पण हे विलीनीकरण कुणाच्या डोक्यातून निघालं? गावाने मागितलं होतं का?

रानवाटा

काका, प्रांतात माइक हॅरिस यांचं कॉन्झर्व्हेटिव्ह सरकार होतं. 'सरकार कमी, खर्च कमी' ही त्यांची घोषणा. १९९६ मध्ये ऑन्टारियोत ८१५ नगरपालिका होत्या, काही वर्षांत ४४७ उरल्या. काहींनी आपणहून जुळवून घेतलं, कारण नाही जुळवलं तर सरकार जुळवेल ही टांगती तलवार होती. कॅनडाच्या घटनेत नगरपालिका ही प्रांताच्या हातातली गोष्ट. तिला स्वतःचं घटनात्मक अस्तित्व नाही. एका कायद्याने जन्म, एका कायद्याने अंत.

टोरांटोचा_बंड्या

आमचंही तेच झालं की. १९९८ मध्ये स्कारबरो, नॉर्थ यॉर्क, एटोबिको सगळं टोरांटोत एकत्र कोंबलं. स्कारबरोचे लोक अजून कुरकुरतात. पॅरिसवाले कुरकुरतात का?

रानवाटा

जुने लोक हो. माझ्यासारख्या नंतर आलेल्यांना पूर्वीचं माहीतच नाही. पण कुरकुरीत तथ्य आहे. काउंटीच्या कौन्सिलमध्ये मेयर आणि दहा सदस्य. पाच वॉर्ड, प्रत्येकी दोन. २०२२ ला याच रचनेत मतदान झालं, डेव्हिड बेली दुसऱ्यांदा मेयर झाले. २०२१ च्या जनगणनेत काउंटीची लोकसंख्या साधारण ३९ हजार आणि त्यातले १५ हजारांच्या आसपास एकट्या पॅरिसमध्ये. म्हणजे गाव काउंटीत सगळ्यात मोठं, पण बहुमत नाही. बाकी सगळा मका-सोयाबीनचा मुलूख, सेंट जॉर्ज, बर्फर्डसारखी गावं. पॅरिसच्या नव्या वसाहतीतल्या माणसाला फुटपाथ आणि बस हवी असते, बर्फर्डकडच्या शेतकऱ्याला रस्त्याकडेची चारी साफ हवी असते. दोघांचा पैसा एकाच तिजोरीत.

खवचट_काका

आणि शेतकरी म्हणत असणार, या पॅरिसवाल्यांच्या पाइपलाइनी आमच्या पैशातून.

रानवाटा

अगदी. तसं होऊ नये म्हणून पाणी-सांडपाण्याचा खर्च ते वापरणाऱ्यांच्या बिलातून काढतात. शेतावर स्वतःची विहीर आणि सेप्टिक टँक असलेल्याला ते बिल येतच नाही. तरी भांडण मिटलेलं नाही, आणि मिटावं असंही मला वाटत नाही. दोन्ही बाजूंना आपापलं म्हणणं मांडायला तिथे माणूस आहे.

सांगलीकर_अभि

संगमावरचं गाव म्हटल्यावर माझा पहिला प्रश्न पुराचा. आमच्याकडे निळी रेषा आणि लाल रेषा आखतात, पंचवीस वर्षांतला आणि शंभर वर्षांतला पूर धरून. रेषा कागदावर आणि बंगले पाण्यात. २०१९ ला आमच्या गल्लीत होडी फिरत होती. तुमच्याकडे रेषा कोण आखतं? काउंटी?

मृण्मयी_वॉटर्लू

अभि, हे मी सांगते, माझा कामाचा विषय आहे. रेषा काउंटी आखत नाही. ग्रँड रिव्हर कॉन्झर्वेशन अथॉरिटी आखते, इथे सगळे जीआरसीए म्हणतात. ऑन्टारियोची ही फार शहाणी व्यवस्था आहे. हद्द राजकीय नाही, पाणलोटाची. ग्रँडचं सगळं खोरं, ६,८०० चौरस किलोमीटर, एका प्राधिकरणाखाली. खोऱ्यातल्या नगरपालिका त्यावर आपले सदस्य नेमतात आणि वर्गणी भरतात. १९३८ मध्ये नदीकाठच्या काही शहरांनी आधी एक आयोग काढला होता, कारण वसंतात पूर आणि उन्हाळ्यात नदीत पाणीच नाही, नुसतं सांडपाणी, अशी दैना झाली होती. फर्गसजवळचं शँड धरण १९४२ चं. प्राधिकरणाचा कायदा १९४६ चा. मग ल्यूथर, कॉनेस्टोगो, गेल्फ अशी धरणं होत गेली.

आता रेषेबद्दल. दक्षिण ऑन्टारियोत बहुतेक ठिकाणी शंभर वर्षांचा हिशोब करत नाहीत, हेझलचा करतात. ऑक्टोबर १९५४ मध्ये हेझल चक्रीवादळ टोरांटोवर आलं, ४८ तासांत सुमारे २८५ मिलिमीटर पाऊस आणि ८१ माणसं गेली. तो पाऊस आपल्या खोऱ्यावर पडला असता तर पाणी कुठपर्यंत आलं असतं, ती आपली रेषा. रेषेच्या आत बांधायचं, भराव घालायचा, तर साधारणपणे जीआरसीएचा परवाना लागतो. काउंटीचा बांधकाम परवाना वेगळा. दोन्ही हवेत.

सांगलीकर_अभि

म्हणजे घडलेल्या वादळावर रेषा. हे बरं आहे. 'शंभर वर्षांतून एकदा' म्हटलं की लोकांना वाटतं, आता नव्याण्णव वर्षं निवांत.

पाटबंधारे

नमस्कार. मी महाराष्ट्रात पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो, सध्या केंब्रिजला मुलाकडे मुक्काम आहे. शँड धरण पाहून आलो. मला इथली एक गोष्ट फार रंजक वाटली. आपण पावसाळ्यात धरण भरत नेतो आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत भरलेलं असावं असं पाहतो. इथे उलटं चक्र. शरदात पाणी सोडून धरण खाली आणतात, कारण मार्च-एप्रिलला बर्फ वितळून लोंढा येणार असतो. तो पोटात घ्यायचा, मेअखेर धरण भरायचं आणि मग उन्हाळाभर थोडं थोडं सोडायचं. सोडायचं ते शेतीसाठी नाही. नदी वाहती राहावी म्हणून! खोऱ्यात सांडपाणी शुद्धीकरणाची ३० केंद्रं आहेत, त्यांचं पाणी पातळ करायला नदीत तेवढा प्रवाह हवा. शिवाय ब्रँटफर्ड पिण्याचं पाणी थेट ग्रँडमधून उचलतं.

रानवाटाताई, एक विचारतो. निथवर धरण दिसलं नाही मला.

मृण्मयी_वॉटर्लू

काका, नेमकं बोट ठेवलंत. निथवर पूर अडवणारं मोठं धरण नाहीच. वर न्यू हॅम्बर्गला म्हणूनच वरचेवर पाणी शिरतं. पॅरिसला एक नदी लगाम घातलेली येते आणि दुसरी मोकाट. जीआरसीएचे लोक निथच्या पाणीमापकांवर डोळा ठेवून बसलेले असतात, कारण त्या बाजूला त्यांच्या हातात दरवाजे नाहीत, फक्त फोन आहे. पॅरिसला, ब्रँटफर्डला आधी कळवायचं, एवढंच.

आणि इथला खरा राक्षस पाऊस नाही, बर्फ. फेब्रुवारी २०१८ आठवतोय? अचानक ऊब, पाऊस, आणि ग्रँडवरचा बर्फ फुटून लाद्या खाली येऊन अडकल्या. ब्रँटफर्डमध्ये बर्फाचा बांध तयार झाला आणि पाच हजारांच्या आसपास लोकांना घरं सोडावी लागली. बर्फाचा बांध कुठे बसेल आणि कधी सुटेल हे कुठल्याही नकाशावर आधी दिसत नाही. पाणी तासाभरात मीटरभर चढतं.

जिप्सी

माहितीबद्दल धन्यवाद मृण्मयी. स्वतःचा अनुभव सांगते. आम्ही नदीच्या बाजूला घर घेतलं (पॅरिस नाही, जवळच). मागे लाकडी डेक बांधायचा होता. ठेकेदार म्हणाला, छोटं काम आहे, कशाला परवाना. मी हट्टाने चौकशी केली तर अर्धं परसदार नियमनाखाली. एजंटने यातलं काही सांगितलं नव्हतं. जीआरसीएच्या संकेतस्थळावर नकाशा आहे, पत्ता टाकला की रेषा दिसते. घर बघायला जायच्या आधी बघा, नंतर नको.

रानवाटा

जिप्सीचा प्रतिसाद फ्रेम करून लावा. आणखी भर घालते. रेषा नुसती पुराची नसते. दरीचा उभा उतार, पाणथळ जागा, ओढा, यांच्याभोवतीही असते. पॅरिसमध्ये उंचावर, नदीपासून दूर वाटणारं घरसुद्धा कड्याच्या काठावर असेल तर नियमनात येऊ शकतं. १ एप्रिल २०२४ पासून सगळ्या प्राधिकरणांना एकच नियम लागू झालाय, आधी प्रत्येकाचा वेगळा होता.

टोरांटोचा_बंड्या

पण ते प्राधिकरणच राहणार आहे का? सरकार ती मोडीत काढतंय असं वाचलं.

मृण्मयी_वॉटर्लू

मोडीत नाही, विलीन. ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रांताने ३६ प्राधिकरणांची ७ करायचा प्रस्ताव मांडला. कारण तेच, घरबांधणीचे परवाने लवकर मिळावेत. मला काळजी अशी की शँड धरणाचे दरवाजे चालवणारी माणसं हे खोरं तोंडपाठ असलेली आहेत, आणि खर्चातला मोठा वाटा स्थानिक नगरपालिका भरतात. पैसा इथून आणि निर्णय लांबून असं झालं तर काय, हा प्रश्न वर खवचट काकांनी पाइपलाइनीबद्दल काढला तसाच आहे. पण ज्या खोऱ्यांत प्राधिकरण अगदी लहान आणि माणसं कमी, तिथे मोठं होण्याचा फायदाही आहे. मी सरसकट विरोध करणार नाही.

सूतगिरणी

जरा विषयांतर. मी इचलकरंजीची. पॅरिसमध्ये पेनमन नावाचं धरण आणि बाग पाहिली, पाटीवर गिरणीचा उल्लेख होता. काय भानगड?

रानवाटा

भानगड मोठी आहे! पेनमन्स ही कॅनडातली विणकामाच्या कपड्यांची नावाजलेली कंपनी, गंजीफ्रॉक, अंतर्वस्त्रं, मोजे. जॉन पेनमनने इथून चालवली. पाण्याच्या जोरावर यंत्रं, म्हणून नदीवर बांध. गंमत म्हणजे हे बायकांचं गाव होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कंपनीने इंग्लंडच्या ईस्ट मिडलंड्समधून विणकामात मुरलेल्या कामगार बायका आणवल्या. लग्न झाल्यावरही त्या गिरणीत जात राहिल्या, जे तेव्हा इतरत्र दुर्मिळ. १९४९ ला मोठा संप झाला, गावात उभी फूट पडली. गिरणी गेली, बांध राहिला. त्या बांधाला प्लीज लांबून नमस्कार करा. कयाकवाले आधीच काठाला लागून बोट उचलून नेतात. बांधाच्या पायथ्याशी पाणी गोल फिरतं आणि माणसाला सोडत नाही.

टोरांटोचा_बंड्या

ग्लेन मॉरिसहून पॅरिसपर्यंत आम्ही कनू केली होती, झकास आहे तो पट्टा. तिथे मासे पकडणारे बरेच दिसले. त्याचा परवाना पॅरिसमध्ये मिळतो का?

रानवाटा

परवाना प्रांताचा. माशांचं आणि त्यांच्या अधिवासाचं रक्षण करणारा मूळ कायदा केंद्राचा. बोट ज्या पाण्यावर तरंगते तिथला नौकानयनाचा कायदाही केंद्राचा. तू गाडी लावलीस ती जागा काउंटीची किंवा जीआरसीएची. आता कळलं ना मला धागा का काढावासा वाटला! पॅरिस ते ब्रँटफर्ड पट्टा मासेमारीसाठी नामांकित आहे, तळातून थंड भूजल पाझरतं म्हणून. तिथे नियम वेगळे आणि कडक आहेत, वाचून जा.

मोगरा_के

ताई, आम्ही खरंच येतोय, रेस्ट एकर्स रोडच्या बाजूला घर पसंत केलंय. कुठल्या कामाला कुणाकडे जायचं हे एकदा सरळ सांग ना.

रानवाटा

अभिनंदन गं! सांगते.

रस्ता, बर्फ काढणं, कचरा, बागा, वाचनालय, अग्निशमन, पाणी, सांडपाणी, बांधकाम परवाना: काउंटी. अग्निशमन दलात बहुतेक स्वयंसेवक आहेत, पेजर वाजला की दुकान सोडून पळणारे. ४०३ हायवे प्रांताचा. पोलीस काउंटीचे स्वतःचे नाहीत, ओपीपी म्हणजे प्रांताचे पोलीस कराराने येतात. ब्रँटफर्ड शहराचे मात्र स्वतःचे आहेत, त्यामुळे हद्दीवर अपघात झाला तर आधी कुणाची गाडी येते ते बघण्यासारखं असतं. रुग्णवाहिका काउंटी चालवते, आणि ती शहरालाही सेवा देते. उलट समाजकल्याण आणि सरकारी घरं ब्रँटफर्ड शहर सांभाळतं, काउंटीचीसुद्धा. म्हणजे विभक्त झालेल्या भावांनी विहीर आणि गोठा सामाईक ठेवलाय. सार्वजनिक आरोग्य खातं तिसरंच, ग्रँड ईरी पब्लिक हेल्थ. १ जानेवारी २०२५ ला ब्रँट आणि हॉल्डिमंड-नॉरफोक एकत्र होऊन झालं. वीज ग्रँडब्रिज एनर्जीची. सरकारी शाळा ग्रँड ईरी बोर्डाकडे, त्याचे विश्वस्त तू निवडून द्यायचे. पॅरिसमधला विलेट दवाखाना ब्रँटफर्डच्या रुग्णालयाचा भाग. तिथे तातडीचे छोटे उपचार होतात, मोठ्या गोष्टीला ब्रँटफर्डच.

रेल्वे पॅरिसला थांबत नाही. व्हाया रेल ब्रँटफर्डहून, प्रांताच्या 'गो' सेवेची बसही तिथूनच. गाडीशिवाय इथे राहायचा बेत करू नकोस.

घरपट्टीच्या बिलात दोन भाग दिसतील, काउंटीचा आणि शिक्षणाचा. शिक्षणाचा दर प्रांत ठरवतो. मिसिसॉगाला असतो तसा 'रीजन'चा (शहराच्या वरच्या स्तरावरच्या संस्थेचा) तिसरा भाग नाही, कारण ही काउंटी एकस्तरीय आहे. नाव काउंटी, काम शहराचं. आणि घराचं मूल्य बिलावर हास्यास्पद कमी दिसलं तर घाबरू नकोस, अख्ख्या प्रांतात ते अजून १ जानेवारी २०१६ च्या भावावर गोठलेलं आहे.

मोगरा_के

बाप रे. वाचूनच दमले. आम्ही अजून पीआर (कायमचे रहिवासी, नागरिक नाही) आहोत, मत देता येईल का?

खवचट_काका

नाही. नागरिकत्व लागतं. कर मात्र पहिल्या दिवसापासून.

रानवाटा

काका बरोबर आहेत. कॅनडाचा नागरिक, वय १८ पूर्ण, आणि तिथला रहिवासी किंवा मालमत्ताधारक किंवा मालमत्ताधारकाचा जोडीदार. भाडेकरूही चालतो. पुढची निवडणूक २६ ऑक्टोबर २०२६. नगरपालिकेच्या निवडणुकीत पक्ष नसतात, मतपत्रिकेवर नुसती नावं, त्यामुळे उमेदवार दारात आला की त्याला थांबवून प्रश्न विचारायचे. पण मत नसलं म्हणून तोंड बंद असं नाही. एखाद्या जागेचा झोनिंग (तिथे काय बांधता येईल याचा नियम) बदल असेल तर कायद्याने जाहीर सभा घ्यावीच लागते, तिथे कुणीही बोलू शकतं. पीआर असो, विद्यार्थी असो. कौन्सिलपुढे आधी नाव देऊन निवेदनही करता येतं. आपली माणसं हे करत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र रोज कौन्सिल भरतं.

समांतर

इतकं वाचलं, पण जमीन मुळात कुणाची याचा उल्लेख नाही. काउंटीला ब्रँट नाव कशावरून?

रानवाटा

चांगलं केलंत विचारलंत. थायेन्डानेगिया म्हणजे जोसेफ ब्रँट, मोहॉक नेते. अमेरिकन क्रांतियुद्धात हॉडनशोनी (मोहॉक धरून सहा मूळनिवासी राष्ट्रांचा संघ, म्हणजेच सिक्स नेशन्स) लोकांपैकी बरेच ब्रिटिशांच्या बाजूने लढले आणि आपली भूमी गमावून बसले. मोबदल्यात २५ ऑक्टोबर १७८४ च्या हॉल्डिमंड जाहीरनाम्याने त्यांना ग्रँड नदीच्या दोन्ही काठांना सहा-सहा मैलांचा पट्टा, मुखापासून उगमापर्यंत, कायमचा दिला. कागदावर साडेनऊ लाख एकर. आज सिक्स नेशन्सकडे उरलेत ४६ हजार एकरांच्या आसपास, पाच टक्केही नाहीत. बाकीचं विकलं गेलं, भाड्याने दिलं गेलं, बळकावलं गेलं, आणि पैशांचा हिशोब कुठे गेला हाच १९९५ पासून चाललेल्या खटल्याचा मुद्दा. पॅरिस, केंब्रिज, किचनर सगळी त्याच पट्ट्यात आहेत.

समांतर

आणि सिक्स नेशन्स काउंटीच्या खाली येतं का?

रानवाटा

नाही. ते ब्रँटफर्डच्या खाली नदीकाठी आहे, पण काउंटीचा त्यावर अधिकार नाही. त्यांचा संबंध थेट केंद्र सरकारशी. त्यांच्या आतही दोन सत्ता आहेत. १९२४ मध्ये केंद्राने पारंपरिक सरदारांची सभा हटवून निवडून येणारं कौन्सिल बसवलं. पारंपरिक सभा मात्र गेली नाही, ती आजही भरते. आणि नदीच्या दृष्टीने बघा, आम्ही वर आणि ते खाली. वरच्या सगळ्या शहरांचं सांडपाणी, शुद्ध केलेलं का होईना, त्यांच्या दारावरून जातं. तिथे आधुनिक जलशुद्धीकरण केंद्र आहे, पण बहुतेक घरांपर्यंत त्याचे नळ पोचलेले नाहीत. हे पॅरिसच्या पर्यटन पत्रकात नसतं.

पाटबंधारे

पॅरिसचं पिण्याचं पाणी कुठून? नदीतून उचलत नाहीत असं दिसतं.

रानवाटा

विहिरी, काका. टेल्फर, गिल्बर्ट आणि बेथेल, या तीन ठिकाणच्या विहिरी. मोरेनच्या खडी-वाळूतलं भूजल. आणि मी सुरुवातीला म्हटलं ना गोट्यांची घरं, त्याच खडीवर आता भांडण आहे. गावाच्या वरच्या अंगाला खडीची खाण आहे, परवाना १९७४ चा. कित्येक वर्षं काम सुरूच झालं नाही. सुरू व्हायची वेळ आली तेव्हा आजूबाजूला लोक राहायला आलेले, आणि गिल्बर्टच्या विहिरी जवळ. नागरिक म्हणाले, चाळीस वर्षांपूर्वीच्या अभ्यासावर आजचं पाणी कसं सोपवायचं? पण इथे खाणीच्या परवान्याला मुदत नसते आणि तो प्रांताच्या कायद्याखाली असतो. काउंटी तो रद्द करू शकत नाही. विहिरी काउंटीच्या, खड्डा प्रांताच्या परवान्याचा.

पाटबंधारे

आणि पाणी बिघडलं तर उत्तर कोण देणार?

मृण्मयी_वॉटर्लू

काउंटीचं कौन्सिल, वैयक्तिकरीत्या. मे २००० मध्ये वॉकरटन या छोट्या गावात गावाच्या विहिरीत ई. कोलाय गेला. सात माणसं दगावली, दोन हजारांवर आजारी पडली. क्लोरीनच्या नोंदी खोट्या लिहिल्या जात होत्या. त्यानंतर कायदेच बदलले. २००२ च्या कायद्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे पाणीपुरवठ्यावर देखरेख करणाऱ्याने योग्य ती काळजी घेतली नाही तर दंड आणि तुरुंगही होऊ शकतो, त्यात नगरसेवक आले. म्हणून निवडून आलेल्यांना पाण्याचं प्रशिक्षण देतात. २००६ च्या कायद्याने गावाला पाणी पुरवणाऱ्या सार्वजनिक विहिरींभोवती संरक्षण क्षेत्र आखलं गेलं. मोगरा, तुझ्या नव्या रस्त्यावर 'पिण्याच्या पाण्याचं संरक्षण क्षेत्र' अशी पाटी दिसली तर ती शोभेची नाही.

सांगलीकर_अभि

नगरसेवकाला पाण्यासाठी तुरुंग. स्क्रीनशॉट काढून आमच्या वॉर्डाच्या ग्रुपवर टाकतोय.

बेलापूरकर

उशिरा आलो. ग्रॅहम बेलने पहिला लांब पल्ल्याचा फोन पॅरिसलाच केला होता ना?

रानवाटा

हो, १० ऑगस्ट १८७६. बोलणारे ब्रँटफर्डला, ऐकणारा बेल पॅरिसमध्ये, एका चपला-बुटांच्या दुकानातल्या तारघरात. अंतर तेरा किलोमीटर. एकाच बाजूने बोलता येत होतं, उत्तर तारेने कळवलं. काउंटी आणि शहर यांच्यातला संवाद पुष्कळदा अजून तसाच असतो. २०१७ मध्ये काउंटीची सुमारे २,७०० हेक्टर जमीन ब्रँटफर्डच्या हद्दीत गेली, वाढत्या शहराला जागा हवी म्हणून. त्याआधीच्या वाटाघाटी कितीतरी वर्षं चालल्या होत्या.

मोगरा_के

शेवटचा प्रश्न, मग त्रास देत नाही. घरासमोरच्या फुटपाथवरचा बर्फ आम्ही काढायचा की काउंटी?

रानवाटा

बिनधास्त विचार गं. तुझा ड्राइव्हवे तू. रस्ता काउंटी. फुटपाथचं वसाहतीनुसार विचारून घे, आणि बिल्डरने रस्ते अजून काउंटीच्या ताब्यात दिले नसतील तर आधी बिल्डरलाच फोन कर. नव्या वसाहतीत हस्तांतराला बराच वेळ जातो आणि तोवर काउंटीच्या कार्यालयातून 'तो रस्ता अजून आमचा नाही' असं उत्तर येतं. खरेदीच्या वेळी वकिलाला हे विचारायला सांग, आणि त्याच बैठकीत जीआरसीएचा नकाशाही समोर ठेव.